धुरीपेटी आणि घरची वीज

(उज्जैन येथे देवास गेट परिसरातील मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना थोडे हसू आले असेल. हे देवास गेट. रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे. १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहात हुतात्मा झालेले आपल्या उज्जैनचे राजाभाऊ महाकाल यांचे नाव धारण करणारे बसस्थानकही येथेच आहे. पहाट झाली की पोह्यांच्या गाड्यांवर वाफ दिसू लागते. खाण्यापिण्याची अशी रेलचेल असलेल्या ठिकाणी, पदार्थाला घरच्या घरी धुरी देणाऱ्या विजेच्या यंत्रावर व्याख्यान कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. तथापि गेल्या काही वर्षांत वायरिंगची तपासणी करण्यासाठी मी ज्या घरांत गेलो, तेथे हे यंत्र किंवा त्याची भावंडे, म्हणजे विजेचा तंदूर, बाट्यांची विजेची भट्टी, मोठा ओव्हन, मला वारंवार दिसू लागली आहेत. यंत्र नवे आणि भिंतीतील तार मात्र वीस-तीस वर्षांपूर्वीची, असा हा संसार आहे. म्हणून हा विषय मी बोलण्यासारखा मानतो.

धूर आपल्या स्वयंपाकाला नवा नाही. माळव्यातील बाफले आणि बाट्या गोवऱ्यांच्या आरावर भाजल्या म्हणजेच त्यांना खरी चव येते. वरणात पेटत्या कोळशाची वाटी ठेवून, त्यावर तुपाचे दोन थेंब सोडून वर झाकण घालण्याची रीत येथील घराघरांत आहे. खानदेशात भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात, तर गोव्यात चोरीस धुरावर धरून टिकवतात. खेड्यांत मक्याची कणसे चुलीच्या वर टांगून ठेवीत. धुरामुळे त्यांना कीड लागत नसे. चूल गेली, गॅस आला आणि घरे मजल्यांवर चढली. चव मात्र जिभेवर राहिली. तीच चव विजेच्या साहाय्याने परत मिळवून देणारे यंत्र म्हणजे इलेक्ट्रिक स्मोकर. सोयीसाठी मी त्यास धुरीपेटी म्हणेन.

या पेटीची रचना साधी आहे. पत्र्याचे एक बंद कपाट, तळाशी विजेवर तापणारी नळी, तिच्यावर किंवा शेजारी लाकडाच्या ढलप्यांची ताटली आणि वर जाळीच्या फळ्या. नळी तापली की ढलप्या पेट न घेता धुमसतात आणि त्यांचा धूर पनीर, मिरच्या, शेंगदाणे, मासे किंवा मांस यांत मुरतो. उष्णता मंद असते. पेटीतील तापमान साधारणपणे १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागते आणि पदार्थ तयार होण्यास कित्येक तास लागतात. यातील 'कित्येक तास' हे दोन शब्द कृपया ध्यानात ठेवा. पुढील सारे विवेचन त्यांच्याभोवती आहे.

दुकानात गेलेला ग्राहक पहिला प्रश्न विचारतो, 'यंत्र किती वॉटचे?' प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. घरगुती धुरीपेटी साधारणपणे ८०० ते १५०० वॉटची असते. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा आहे. वॉटला व्होल्टने भागले म्हणजे प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. ८०० वॉटची पेटी सुमारे साडेतीन अँपिअर घेते, १२०० वॉटची सव्वापाच आणि १५०० वॉटची साडेसहा. घरात दिव्यांच्या बटणांशेजारी असलेले लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. १५०० वॉटची पेटी त्याची मर्यादा ओलांडते, तर १२०० वॉटची मर्यादेच्या काठावर उभी राहते. यास्तव अशा पेटीला १६ अँपिअरचे मोठे सॉकेटच हवे.

कोणी म्हणेल, 'आमची इस्त्री तर हजार वॉटची आहे आणि ती छोट्या सॉकेटवर वर्षानुवर्षे चालते.' खरे आहे. पण इस्त्री अर्धा तास चालते आणि मध्येमध्ये आपोआप बंद होऊन तारेला विसावा देते. धुरीपेटीतही तापमान राखणारा खटका असतो, पण पेटी सहा-सहा तास जोडलेली राहते आणि हिवाळ्यात किंवा वाऱ्यात ठेवली तर तिची नळी बहुतांश वेळ चालूच असते. बैल अर्धा कोस ओझे ओढतो म्हणून तो दिवसभर तेच ओझे ओढील असे आपण गृहीत धरत नाही. तारेच्या बाबतीतही तोच न्याय लावावयास हवा.

येथे माझ्या स्वतःच्या कुटुंबात घडलेला एक प्रसंग सांगतो. चूक आमचीच होती, म्हणून सांगण्यास संकोच नाही. माझ्या धाकट्या भावाने हौसेने अशी एक पेटी घेतली आणि पहिल्याच रविवारी गच्चीवर मांडली. गच्चीवर मोठे सॉकेट नव्हते. म्हणून खालच्या खोलीतील दिव्याच्या सॉकेटातून, एक जोडपिन लावून, एक बारीक लांब वायर जिन्यावरून वर नेली. उरलेल्या वायरचे वेटोळे कोणाच्या पायात येऊ नये म्हणून खोलीतील सतरंजीखाली सरकवले. दोन-अडीच तासांनी घरात जळका वास येऊ लागला. सर्वांना वाटले, धुरी चांगली बसत आहे! मुले तर वास घेऊन खूश झाली. भावजयीचे लक्ष मात्र दिव्याकडे गेले. तो राहून राहून मंद होत होता. तिने काही न विचारता मेन स्विच बंद केला. सतरंजी उचलली तेव्हा वायरचे वेटोळे एकमेकांना चिकटून गेले होते, जोडपिन काळी पडली होती आणि सतरंजीला हाताएवढा डाग पडला होता. त्याच खोलीत दुपारी मुले झोपत असत.

मंडळी, मला जे सांगावयाचे आहे ते या प्रसंगात आहे. इतर कोणत्याही यंत्राच्या बाबतीत तार तापली की जळका वास येतो आणि माणूस सावध होतो. तो वास म्हणजे विजेची दवंडीच होय. धुरीपेटी हे असे एकमेव यंत्र आहे की जे चालू असताना घरात धुराचा वास येणे हे आपण यशाचे लक्षण मानतो. त्या वासात तारेचा वास लपतो. म्हणून येथे वास आल्यावर धावणे उपयोगाचे नाही. जी काळजी घ्यावयाची ती पेटी जोडण्यापूर्वीच घ्यावयास हवी.

आता त्या खोलीत नेमके काय झाले, ते समजून घेऊ. तारेला रोध असतो आणि प्रवाह वाहिला की त्या रोधात उष्णता उत्पन्न होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या २० मीटर वायरला, जाणे-येणे धरून, जवळजवळ दीड ओहम रोध असतो. सव्वापाच अँपिअर प्रवाहाला तिच्यात सुमारे ४० वॉट उष्णता निर्माण होते. वायर मोकळी पसरलेली असेल तर ही उष्णता हवेत निघून जाते. वेटोळे करून सतरंजीखाली दाबली तर ती जाणार कोठे?

त्याहून वाईट गोष्ट सैल जोडाची. सॉकेटातील पत्ती ढिली झाली आणि त्या एका ठिकाणी केवळ एक ओहम रोध उत्पन्न झाला, तरी त्याच प्रवाहाला तेथे २७ वॉट उष्णता एकवटते. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर ज्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने धातू वितळवतो, ती साधारण २५ वॉटची असते. म्हणजे सैल सॉकेट हे भिंतीत तासन्‌तास चालू ठेवलेल्या अशा इस्त्रीसारखे होय. आणि ध्यानात घ्या, या स्थितीत फ्यूज उडत नाही व एमसीबीही पडत नाही. कारण प्रवाह वाढलेला नसतो, फक्त चुकीच्या जागी उष्णता साचत असते.

म्हणून धुरीपेटीसाठी किंवा विजेच्या बाटी-भट्टीसाठी मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र सर्किट घ्यावे. अडीच चौरस मिलिमीटरची, आय.एस.आय. चिन्ह असलेली तांब्याची वायर, १६ अँपिअरचे खटक्यासह सॉकेट आणि वायरच्या क्षमतेशी जुळणारी १६ अँपिअरची एमसीबी, एवढी सामग्री त्यास पुरते. हे सॉकेट जेथे पेटी ठेवावयाची तेथेच, म्हणजे गच्चीवर, ओसरीत किंवा परसदारी, पावसापासून आडोशाला आणि झाकणाच्या पेटीत बसवावे. म्हणजे लांब वायरीची गरजच उरत नाही. नवे सर्किट घालण्याचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियमही सांगतात. शेजारच्या होतकरू मुलाला चार पैसे देऊन काम उरकणे ही काटकसर नव्हे.

यानंतर प्रश्न येतो मंजूर भाराचा. आपल्या वीजबिलावर मंजूर भाराचा आकडा छापलेला असतो. तो किती जणांनी वाचला आहे? अनेक लहान घरांत तो एक किलोवॉट असतो. त्या घरात १२०० वॉटची पेटी लावली की शीतकपाट, पंखे आणि दिवे यांचा हिशेब होण्याआधीच मर्यादा संपते. अशा वेळी वितरण कंपनीकडे अर्ज करून भार वाढवून घ्यावा. उज्जैन जिल्ह्यात हे काम मध्यप्रदेश पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे आहे. भार लपवून ठेवल्याने आपले काही पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण गल्लीच्या रोहित्रावर किती बोजा आहे हे कंपनीला कळत नाही आणि मग एके दिवशी सगळी गल्ली अंधारात बसते.

खर्चाचाही अंदाज असावा. १२०० वॉटची नळी सहा तासांपैकी निम्मा वेळ चालू राहिली, तर सुमारे साडेतीन युनिट वीज लागते. चवीसाठी अधूनमधून एवढा खर्च कोणी केला तर त्यास दोष देता येणार नाही. पण रोजचा स्वयंपाक या मार्गाने करावा असे मी म्हणणार नाही.

खेड्यांतून आलेल्या मंडळींना दाब कमी होण्याचा अनुभव आहे. रब्बीच्या हंगामात विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की दिवे पिवळे पडतात. जेथे शेतीचा आणि घरगुती फीडर वेगळा झाला आहे तेथे हा त्रास कमी झाला. तरी लाइनच्या टोकाला असलेल्या घराला तो जाणवतोच. मोटार आणि धुरीपेटी यांत एक भेद आहे. दाब कमी झाला की मोटार अधिक प्रवाह ओढते व जळण्याचा धोका निर्माण होतो. तापणारी नळी मात्र कमी प्रवाह घेते आणि मंद पडते. २३० व्होल्टवर १२०० वॉट देणारी नळी १८० व्होल्टवर केवळ ७३५ वॉट देते. पेटी जळत नाही, पण पदार्थ कच्चा राहतो. आणि धुराने बाहेरून तांबूस झालेला पदार्थ आतून शिजला आहे असा भ्रम होतो, ही यातील खरी मेख आहे.

वीज मध्येच गेली तर काय, हाही पुरवठ्याचाच प्रश्न आहे. अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळले की त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. पेटीतील मासे किंवा मांस अर्धवट शिजलेले असताना वीज गेली आणि दोन तासांत आली नाही, तर 'आता पुन्हा चालू करू' असे म्हणू नये. वीज जाताच पदार्थ बाहेर काढून गॅसवर पूर्ण शिजवून घ्यावा. पनीरलाही हाच नियम लागू आहे. माळव्यातील वैशाखात नियोजित भारनियमनाची वेळ विचारून घेतल्याशिवाय हा उद्योग आरंभूच नये.

इन्व्हर्टरवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. घरातील सामान्य इन्व्हर्टर ८००-९०० व्हीएचा असतो. तो १२०० वॉटची पेटी मुळातच उचलू शकत नाही. मोठा इन्व्हर्टर घेतला तरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या भरलेल्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट वीज असते आणि प्रत्यक्षात त्याहून कमी मिळते. तासाभरात बॅटरी संपेल, आणि रात्री पंखा फिरणार नाही.

आता परदेशातून येणाऱ्या पेट्यांविषयी. आपल्या कितीतरी घरांतील मुले-मुली अमेरिकेत आहेत. तेथे धुरी दिलेल्या पदार्थांची मोठी आवड आहे आणि परत येताना कोणी मायेने अशी पेटी सामानासोबत आणतो. तिच्या पाठीवरची पाटी वाचल्याशिवाय ती जोडू नका. अमेरिकेत घरगुती सॉकेटचा दाब १२० व्होल्ट असतो. तेथील ८०० वॉटची पेटी आपल्या २३० व्होल्टवर जोडली, तर प्रवाह जवळजवळ तेरा अँपिअर होतो आणि नळी क्षणभर का होईना २९०० वॉटच्या वर जाते. दाब दुप्पट झाला म्हणून उष्णता दुप्पट होईल असे वाटते. ती जवळजवळ चौपट होते. नळी फुटते, पत्रा लाल होतो, ढलप्या धुमसण्याऐवजी भडकतात. केवळ प्लगचा आकार बदलणारी जोडपिन दाब बदलत नाही, हे कृपया घरातील मुलांनाही सांगा. दाब उतरवणारा रोहित्र घ्यावयाचा असेल तर तो किमान १५०० व्हीएचा आणि दीर्घकाळ अखंड चालण्याच्या क्षमतेचा हवा. त्याचे वजन आणि किंमत पाहिली की भेट स्वीकारून पेटी तिकडेच ठेवावी, असे बहुतेकांना वाटेल आणि ते योग्यच ठरेल.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत गंभीर मुद्दा अर्थिंगचा. धुरीपेटी पत्र्याची असते, ती उघड्यावर ठेवली जाते आणि तिला हात लावणारी व्यक्ती पुष्कळदा ओल्या फरशीवर अनवाणी उभी असते. तीन पिनांच्या प्लगमधील जाड आणि लांब पिन अर्थिंगची असते. ती सॉकेटात बसत नाही म्हणून कापून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. ती पिन म्हणजे आपल्या आणि विजेच्या मध्ये उभा असलेला राखणदार आहे. अर्थिंगची तार जमिनीत पोचते की नाही हे वायरमनकडून मोजून घ्यावे. भिंतीवर हिरवी तार दिसते एवढ्यावर समाधान मानू नये.

याच्या जोडीला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवावी. एमसीबी तारेला वाचवते, आरसीसीबी माणसाला. सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने माणसाचा जीव घेणारा प्रवाह इतका अल्प असतो की तिला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला प्रवाह तोलून पाहते आणि फरक दिसताच क्षणार्धात पुरवठा तोडते. दोन्ही हव्यात, एक असली म्हणून दुसरी टाळता येत नाही.

पावसाळ्यानंतर एक तक्रार नेहमी येते. चार महिने अडगळीत पडलेली पेटी दसऱ्याला काढली की आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडते. तापणाऱ्या नळीच्या आत विजेला अडवणारी जी पांढरी भुकटी असते, ती हवेतील ओलावा शोषून घेते आणि मग थोडा प्रवाह पत्र्यात झिरपू लागतो. अशा वेळी कंटाळून अर्थिंगची तार काढणे किंवा आरसीसीबी वगळून जोडणी करणे म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्यालाच घालवून देऊन दार उघडे ठेवणे होय. वायरमनकडून नळीची तपासणी करून घ्यावी. ती वाळवता येते, न वाळल्यास बदलता येते.

पेटी विजेवर चालते म्हणून ती घरात ठेवता येईल, असेही समजू नये. धुमसणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि बंद खोलीत तो झोपेतच माणसाचा घात करतो. पेटी उघड्यावरच ठेवावी, भिंतीपासून व वाळत घातलेल्या कपड्यांपासून दूर ठेवावी आणि ती चालू असेतो घरातील एका जाणत्या माणसाने तेथेच असावे.

आता प्रत्येकाकडे एक मागणे. ग्रामस्थ मंडळींनी घरी जाऊन आपल्या बिलावरचा मंजूर भार वाचावा आणि तापलेले किंवा काळवंडलेले प्रत्येक सॉकेट बदलून घ्यावे. शिक्षकांनी मुलांना एक गृहपाठ द्यावा. घरातील प्रत्येक उपकरणाच्या पाटीवरचे वॉट लिहून आणायचे, त्यांना २३० ने भागायचे आणि ते उपकरण ज्या सॉकेटात लागते त्याच्या अँपिअरशी ताडून पाहायचे. एका तासाच्या या गणिताने कित्येक घरे वाचतील. अधिकारी मित्रांना विनंती ही की, भारवाढीचे अर्ज तत्परतेने निकाली काढावेत. २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ भरेल. या देवास गेटच्या आसपासची घरे यात्रेकरूंनी भरून जातील, भर उन्हाळ्यात कूलर चालतील आणि पाहुण्यांसाठी विजेच्या शेगड्या, भट्ट्या लागतील. तेव्हा तार तपासण्यास कोणालाही सवड होणार नाही. ती सवड आज आहे.

माझ्या भावाने पुढे गच्चीवर वेगळे सर्किट घेतले आणि पेटी आजही चालते. तिच्यातील धुरवलेल्या मिरच्यांची चटणी मी स्वतः चाखली आहे व ती उत्तम होते. ती जळकी सतरंजी मात्र भावजयीने टाकून दिलेली नाही. कोणी नवे यंत्र घेऊन घरी आला की ती आधी सतरंजी दाखवते, मग चहा ठेवते. माझ्या इतक्या वेळच्या बोलण्याचे सार त्या एका डागात आहे, असे समजून आपण ते ध्यानात ठेवावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.